डाव्या अंगाचा आवाज

१

बंकटच्या रेकॉर्डिंगची वेळ ठरलेली होती, दुपारी एक ते तीन. सकाळी देवळाचा भोंगा, मग दूध डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न, शेतातली लाइट आली की मोटारींची घरघर, आणि दिवस कलला की मेंढरं घरी येणार, मग तर विचारूच नका. मधले दोन तास तेवढे लिंबागणेशच्या माळाकडेचं ते घर गप असायचं. बंकटचे म्हातारे वडील तात्याबा बाहेर लिंबाखाली बाजेवर आडवे, त्यांच्या पायाशी कुत्रं, आणि आत लोकर ठेवायच्या जुन्या खोलीत बंकट आणि त्याची बायको उज्ज्वला.

पोटापाण्याला बंकट रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती करायचा. सेल लागला, सभा आहे, उमेदवाराला प्रचंड मतांनी विजयी करा, असलं सगळं. पण त्याचा जीव होता उज्ज्वलाच्या ओव्यांत. तिची आई कडूबाई जात्यावर गायची, तिच्याकडून दोनशे-अडीचशे ओव्या ही पोरगी माहेराहून घेऊन आली होती. आवाज म्हणाल तर ताज्या भाकरीच्या वाफेसारखा. बंकटनं खोलीच्या चारी भिंतींना घरच्या घोंगड्या टांगल्या, दारालाही एक टांगली, म्हणजे आवाज घुमत नाही. मधे एक माइक उभा केला.

एकच अडचण होती. उज्ज्वला भिंतीकडं तोंड करून बसायची. कडूबाईंची शिस्तच तशी, ओवी जात्याकडं बघून म्हणायची, माणसाकडं बघून नाही. एकदा बंकटनं तिला समोर बसवलं तर तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मग ठरून गेलं. ती भिंतीकडं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, आणि हा तिच्या पाठीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. लग्नाला सहा वर्षं झाली, पण गाणारी उज्ज्वला त्यानं समोरून कधी पाहिलीच नव्हती.

आणि हा खुर्चीत बसून काय करायचा? तर चुका काढायचा. "थांब. सूर पडला. परत घे." ती परत घ्यायची. "श्वास लई मोठा घेतीस. परत." एका ओवीला पंधरा-पंधरा वेळा. एकदाही 'झकास झालं' असं त्याच्या तोंडून निघालं नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण ज्याचा त्याला अभिमान वाटायचा ते बोलून दाखवायची त्याला चोरी होती.

२

रविराज हा त्याचा शाळेपासूनचा सोबती. बापाचा ऊस, बापाची ट्रॅक्टरं, आणि बीडात बापाच्याच जागेत ह्याचा स्टुडिओ. थंडगार एसी, काळे मोठे स्पीकर, बाहेर बसायला सोफा. बंकट आपल्या ओव्यांची फाइल घेऊन त्याच्याकडं गेला. ऐकवायला कसला, मिरवायलाच गेला होता.

फाइल वाजली आणि बंकटला घाम फुटला. आवाज खाली ढोलासारखा घुमतोय, वर पत्र्यासारखा वाजतोय. ही आपली उज्ज्वला?

"कानात इयरफोनची बोंडं घालून केलंस ना बे मिक्सिंग?" रविराज हसला. "ते खोटं ऐकवतात. मॉनिटर स्पीकर घे. पाच इंची बास झाले तुझ्या खोलीला, मोठे घेऊ नको, भिंती हादरतील नुसत्या. भिंतीपासून हातभर लांब ठेव. दोन स्पीकर आन् तुझं डोकं, तिन्हीत सारखं अंतर."

"स्वस्तातले चालतील?"

"चालतील की. फक्त एक ध्यानात ठेव बंकट्या. मॉनिटरनं गोड वाजायचं नसतं, खरं वाजायचं असतं. जो कानाला टोचंल, तो घे." मग त्यानं ओवी पुन्हा सुरू केली. "न्हाईतर असं कर ना, वहिनीलाच आण इकडं. दोन दिवसांत सगळ्या ओव्या घेऊ. काय आवाज हाय यार! त्या आवाजाला माणसात आणायला पायजे."

बंकट हसला आणि उठला. जिना उतरेपर्यंत तळपायाची आग मस्तकाला गेलेली. वहिनीला आण म्हणे! माझी बायको, माझी खोली, माझ्या घोंगड्या, आणि ती गाणार ह्याच्या एसीत? तिचा आवाज माझ्या खोलीतनं बाहेर पडंल तर माझ्याच हातानं पडंल. हे त्यानं गाडीला किक मारता मारता स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं. शेजारचा पानवाला बघायला लागला.

दुकानात त्याच्या ऐपतीतल्या तीन जोड्या निघाल्या. त्यानं तिन्हींवर उज्ज्वलाचीच ओवी लावली. पहिली जोडी टोचली. तिच्या आवाजातला खरखरीत काठ, मधेच अडकलेला श्वास, सगळं उघडं पडलं. दुसरी नुसतीच घुमत होती. तिसरी लावली आणि बंकट जागेवरच थबकला. उज्ज्वला अशी वाजली, जणू हातभर अंतरावर बसून कुणा एकासाठीच गातेय. सहा वर्षांत तिनं त्याच्यापाशी असा आवाज काढला नव्हता.

रविराजनं सांगितलेलं आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि रविराजनं सांगितलं होतं म्हणूनच त्यानं तिसरी जोडी घेतली. नवी कोरी, खोक्याला कंपनीची पट्टी तशीच. पुढं कुणी म्हणेल की त्या स्पीकरांत आधीचं काही असेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. नव्हतं.

३

घरी त्यानं दोरी लावून अंतर मोजलं, स्पीकर मांडले, खुर्ची नेमकी जागेवर ठेवली. उज्ज्वला भाकरी थापत होती. त्यानं एकट्यानंच ऐकायला सुरुवात केली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आवाज एकाच माइकवर घेतलेला असेल तर दोन्ही स्पीकर तो सारखाच वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर मधून येतोय असं वाटतं. तिथं काहीच नसतं, नुसती भिंत. पण डोळे मिटले की माणूस तिथं बसलंय असं वाटतं. त्यात डावं-उजवं काही नसतंच, असायचं कारणच नाही.

उज्ज्वला मधोमध बसली आणि गाऊ लागली:

*सरलं दळण माझं, सूप टेकीते भिंतीला,*
*एकली कशी म्हणू, कुणी हाय गं संगतीला...*

ओवी संपली, आणि डाव्या अंगाला कुणीतरी "हं" केलं.

बारीकसं. कुणी जाणकार माणूस आवडलेल्या जागेला करतो तसं. पुरुषाचा आवाज.

बंकटनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. "हं." कानात बोंडं घालून ऐकलं, तर तिथं काही नाही. मोबाइलवर, काही नाही. पडद्यावर आवाजाची रेघ बघितली, तिथं ती सरळ पडलेली, कुणी चिमणीनंही पंख हलवलेला नाही. परत स्पीकरवर लावलं.

"हं."

४

आता बंकट अडाणी माणूस नव्हता. वायर सैल असेल, त्यानं बदलली. एखादं रेडिओचं स्टेशन पकडत असेल, त्यानं खोलीतले सगळे मोबाइल बंद केले. डावा स्पीकर खराब असेल, म्हणून डावा-उजवा पालटून ठेवले. "हं" जिथल्या तिथंच, उज्ज्वलाच्या डाव्या अंगाला, चार हातांवर. म्हणजे गडबड डब्यात नव्हती.

मग त्यानं जुन्या फायली काढल्या. सगळ्यांत तो होता. चैत्रातल्या रेकॉर्डिंगात पार कोपऱ्यात, ऐकू येईल न येईल असा. वैशाखात जरा अलीकडं. आणि गेल्या आठवड्यातल्या ओव्यांत चार हातांवर, पायानं ठेका धरून. ठेका पक्का होता. बंकटचा स्वतःचा ठेका कधीच पक्का नव्हता, हे त्याला शाळेच्या लेझीमपासून माहीत होतं.

भीती वाटायला हवी होती ना? पण बंकटला आधी काय वाटलं, तर हा रविराज.

मी घरी नसताना येतो. वायफळ कौतुक करतो. मी गेल्या महिन्यात नारायणगडाला जत्रेच्या जाहिराती द्यायला गेलतो, तेव्हा ही एकटीच माइक लावून बसलेली, स्वतःच तर सांगत होती. जिवाचा नुसता तिळपापड झाला. ज्या फायलींच्या वेळी तो स्वतः तिच्या पाठीमागं खुर्चीत बसलेला होता, त्यांतही तो आवाज होता, ही गोष्ट त्यानं मनातल्या मनात बाजूला सरकवली. मत्सर असाच असतो, हिशेबात बसत नाही ते बघतच नाही.

तो बाहेर लिंबाखाली गेला. "आबा, मी नसल्यावर दुपारी कोण येतं का घरी?"

तात्याबांनी डोळे किलकिले केले. "कोण येणार? ह्या उन्हात?"

"रविराज आलता का?"

"त्यो आला तर कुत्रं गाव डोक्यावर घेतंय. मागं त्याची पँटच धरली न्हवती का?" म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. "हे एक डाव बी भुकलं न्हाई. भुकलं न्हाई म्हंजे घरचंच माणूस, दुसरं कोण?"

५

दुसऱ्या दिवशी बंकट उमेदवाराच्या माणसांना भेटायला बीडला गेलेला. परत आला तो चार वाजता. उज्ज्वला चुलीपाशी होती आणि चक्क गुणगुणत होती. ह्या बाईनं चुलीपाशी कधी गुणगुणलेलं त्याला आठवेना.

"कोण आलतं?" त्यानं चप्पल काढता काढताच विचारलं.

"कुटं?"

"दुपारी. खोलीत. तुझ्यासंगं."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर ना भीती, ना राग. कौतुकानं बघतात तसं बघत होती. "असं काय इचारताव? तुमीच तर आलतात."

बंकटची दुसरी चप्पल पायातच राहिली.

"मी गात होते, तर मागं खुर्ची वाजली. म्हनलं, आले वाटतं लवकर." ती पदराशी चाळा करत बोलत होती. "आन् एक डाव बी टोकलं न्हाई तुमी. सबंध ओव्या झाल्या. मधे मधे 'हं' काय, पायानं ठेका काय! अहो, मला रडूच आलं. सहा वरसांत असं ऐकलंच न्हाई तुमी मला. मी वळून बघणार, तवर तुमी उठून गेलात बी."

"मागं वळली न्हाईस तू?"

"गाताना कशी वळू?"

आता सांगायचं ते हेच होतं की उज्ज्वला, तो मी नव्हतो. चार शब्द. ते त्या वेळी बोलला असता तर! पण ती त्याच्याकडं अशी बघत होती, की असं बघणं त्याच्या वाट्याला लग्नातसुद्धा आलं नव्हतं. ते बघणं दुसऱ्याचं होतं. हा गप राहिला, तर ते ह्याचं होणार होतं.

"झकास गायलीस," बंकट म्हणाला.

ती लाजली आणि भाकरी उलटायला वळली.

६

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खुर्चीत बसला, उज्ज्वला भिंतीकडं तोंड करून बसली. आज टोकायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. योग्य जागी "हं" करायचं, ठेका धरायचा.

पहिलीच ओवी संपली. त्यानं "हं" केलं. उज्ज्वलाचे खांदे जरा आखडले. त्यानं ठेका धरला, तो दुसऱ्याच फेरीत निसटला. ती तिथंच अडखळली आणि थांबली.

"काय झालं?"

"काय न्हाई," ती भिंतीकडंच बघत म्हणाली. "आज तुमचं लक्ष न्हाई. काल लई चांगलं होतं."

ती उठून गेल्यावर बंकटनं ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. उज्ज्वला मधोमध होती. तिच्या डाव्या अंगाला, अगदी खांद्याला लागून, तो श्वास घेत होता. चार हात नाही, दोन हात नाही. आणि बंकटनं जे "हं" केलं होतं, काल ठरवून, रात्रभर मनात घोकून केलं होतं, ते फाइलमध्ये कुठंच नव्हतं. "काय झालं?" हेही नव्हतं. उज्ज्वलाचं "काय न्हाई" होतं, आणि त्याआधी नुसती मोकळी जागा.

त्यानं स्पीकरांच्या वायरी ओढून काढल्या. खोकी आणली, थर्मोकोल लावला, चिकटपट्टी मारली. उद्या दुकानात परत. संपलं.

तेवढ्यात रविराजचा फोन. "काय बे, घेतले का स्पीकर? अन् वहिनीचं काय ठरलं? सोमवारी एक बाई कोरसला येणार हाय, प्रियदर्शनी म्हणून, दोघींना जमंल एकमेकींचं. घेऊन ये की. दोन दिवस राहतील आमच्या आईपाशी."

दोन दिवस. ह्या घरापासून, ह्या खोलीपासून लांब. माणसांत, उजेडात, दुसऱ्या चार बायांबरोबर. बंकटला ते कळत होतं, तो मूर्ख नव्हता. हो म्हणायचं त्याच्या ओठांवर आलंही होतं. मग त्याला दिसलं की उज्ज्वला काचेपल्याड गातेय, रविराज मान डोलवतोय, आणि ती रविराजकडं तसं बघतेय.

"माझी बायको कुटं येणार न्हाई," तो म्हणाला, "परत इचारू नको." आणि फोन ठेवला. मी तुम्हाला सांगतो, घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं.

७

दुसऱ्या दिवशी बाराला त्यानं खोकी गाडीच्या मागं बांधली. "बीडला जातो, अंधार पडेस्तोवर येईन," असं उज्ज्वलाला सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं आणि लगेच केस विंचरायला घेतले. भर दुपारी केस कशाला?

मांजरसुंब्याच्या चौकापर्यंत तो गेला. तिथं चहा सांगितला, कप तोंडाला लावला आणि तसाच टपरीच्या फळीवर ठेवला. मग गाडी वळवली.

घरापासून लांबच त्यानं गाडी बंद केली आणि चालत आला. तात्याबा झोपलेले. कुत्र्यानं मान वर केली, बंकटकडं बघितलं, आणि घशातल्या घशात गुरगुरलं. आपल्या धन्यावर!

"गप बे," बंकट हळूच म्हणाला. ते उठून मागं मागं सरकलं.

आतून गाणं येत होतं. हे असं गाणं त्यानं ऐकलेलं नव्हतं, ना माइकवर, ना त्या तिसऱ्या जोडीवर. कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास मोजणं नाही. भरल्या विहिरीवरून मोट वाहावी तसा आवाज वाहत होता. बंकटच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्याला दार फोडावंसं वाटलं. लॅपटॉप घरी होता, पण निघताना काढून घेतलेली माइकची वायर त्याच्याच खिशात होती. म्हणजे ती रेकॉर्डिंगसाठी गात नव्हती. ती कुणाला तरी ऐकवत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं ते बोटभर ढकललं आणि आतल्या घोंगडीची कड उचलली.

उज्ज्वला भिंतीकडं तोंड करून बसली होती, पाठमोरी, केसांत गजरा. खुर्ची तिच्या मागं नव्हती. ती पुढं ओढून तिच्या डाव्या अंगाला लावलेली, इतकी जवळ की तिचा पदर खुर्चीच्या हातावर पडला होता. घोंगडीच्या फटीतून खुर्चीचा खालचा भागच तेवढा दिसत होता. त्यात एक अनवाणी पाय. जमिनीवर पंजा उचलून, खाली टेकवून, पक्का ठेका धरणारा.

त्यानं कड आणखी उचलली नाही. पुढं कित्येकदा त्यानं स्वतःला विचारलं असेल, का नाही उचललीस? तोंड बघायचं होतं ना? पण ज्याच्याकडं ती तशी बघते त्याचं तोंड आपण बघू नये, एवढंच त्याला वाटलं.

"उज्ज्वला," त्यानं हाक मारली.

गाणं थांबलं. त्याला वाटलं, आता वळेल. आता आपल्याकडं बघेल, दचकेल, किंचाळेल, काहीही करेल. तो घोंगडी धरून उभा राहिला.

"उज्ज्वला, मी हाय. मी आलोय."

ती वळली नाही. तिनं फक्त मान जरा डावीकडं झुकवली आणि हळू, लाडात आलेल्या आवाजात म्हणाली,

"अहो, बघा बरं जरा. दारात कोण आलंय."

ठेका थांबला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.